कमी हातांच्या बाजूचे

रेवा आणि निशांत,

रेवाला जिनिव्हाच्या त्या मोठ्या इमारतीत सहा महिन्यांचं काम मिळालं, तेही अल्पसंख्याकांच्या हक्कांच्या विभागात, हे तुमच्या आईने फोनवर सांगितलं तेव्हा मी नुसतं "छान झालं" म्हटलं. तिला वाटलं, आजीला नीट ऐकू आलं नाही. ऐकू नीट आलं होतं. पण गॅसवर दूध होतं, आणि त्या इमारतीबद्दल मला जे सांगायचं होतं ते दूध वर येईपर्यंत आटोपणारं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे. निशांत, तुझं मराठी वाचन मागे पडलंय असं कळलं. रेवाकडून वाचून घे, पण शब्द अडला तर तिला विचारू नकोस, मला विचार.

मी त्या इमारतीत कधी गेले नाही. माझा एक कागद मात्र तिथे गेला, आणि त्या कागदाबरोबर माझी एक चूकही गेली. ती चूक ज्यांनी पकडली त्यांच्याविषयी हे आहे. दोन वर्षांपूर्वी ते वारले. रेवाच्या टेबलावर तसे कागद येऊ लागण्याआधी तिला हे माहीत असलेलं बरं.

लग्न होऊन मी पुण्याहून अमरावतीला आले आणि कॉलेजात इंग्रजी शिकवू लागले. सर तिथेच राज्यशास्त्र शिकवत. त्यांचं नाव मी इथे घालत नाही, कारण त्यांना स्वतःचं नाव कागदावर आलेलं खपत नसे. सहीसुद्धा अशी करायचे की एक आडवी रेघ आणि तिच्यावर बसलेली माशी, एवढंच दिसे. मूळचे बाळापूरकडचे. घरी काळी जमीन होती, ती भाऊ करायचे. "शेतात बहुमत तणाचं असते," असं सर म्हणत, आणि तेवढ्यावर शेतीचा विषय संपे.

खरं तर मी वहीत मुद्दे काढून ठेवले होते: जन्म, शिक्षण, नोकरी, निवृत्ती. पण सर त्यात बसेनात. त्यांच्याविषयी सांगायचं तर आधी स्टाफरूमच्या पंख्याबद्दल सांगावं लागतं.

अमरावतीचा उन्हाळा तुम्ही फक्त आंब्यांसाठी पाहिलेला आहे. तेव्हा स्टाफरूममध्ये एकच पंखा होता आणि तो पाचवर असावा असं अकरा जणांचं मत होतं. बारावे संस्कृतचे वृद्ध शिक्षक. त्यांची मान आखडायची. मतदान झालं, पंखा पाचवर गेला, सगळे मोकळे झाले. सर मात्र उठून म्हणाले, "हरकत कोणाची? तिचं कारण लिवून घ्या." संस्कृतच्या सरांना नको होतं, पण त्यांना बसवून मान कुठे दुखते, किती दुखते, सगळं कागदावर घेतलं आणि तो कागद बटणांच्या पाटीखाली टाचला. पंखा पाचवरच राहिला. आम्ही पुष्कळ हसलो. पण महिन्याभरात असं दिसू लागलं की पंखा लावायला जो उठेल तो आधी तो कागद वाचतो आणि मग बटण चारवर ठेवतो. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं. मी स्वतःही चारवरच ठेवत होते.

सरांचा सगळा सिद्धांत एवढाच होता. निर्णय बहुमताने घ्यायचा, पण ज्यांचे हात कमी त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत निर्णयाला जोडायचं. "बहुमताले कागद लागत नाही मॅडम. त्याच्यापाशी माणसं असतात. कागद एकट्याले लागते." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की एकदा परीक्षेचे पेपर तपासताना एका उत्तराच्या समासात तेच लिहून बसले. बिचाऱ्या मुलाला ते समजलं नसणार.

हा सिद्धांत ते कुठेही चालवत. एकदा आम्ही बडनेऱ्याहून शेअर ऑटोत बसलो होतो. पाच जण झाले, ऑटोवाल्याला निघायचं होतं, आम्हाला निघायचं होतं. एका म्हातारीला तिच्या बहिणीसाठी थांबायचं होतं. सरांनी रीतसर हात वर करायला लावले. चार विरुद्ध एक. मग म्हातारीला कारण विचारलं. तिने सासरपासून सुरुवात केली. ती बहिणीच्या दुसऱ्या बाळंतपणापर्यंत पोचेतो बहीण स्वतः येऊन ऑटोत बसली. ऑटोवाला म्हणाला, "सर, पुढच्या बारीले तुमी दुसरी ऑटो पाहा."

सरांच्या घरी वहिनींचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, यावर एक ठरलेलं भाष्य असे. मुलीच्या लग्नाला कार्यालय कोणतं घ्यायचं यावर घरात मत घेतलं गेलं होतं, वहिनी एकट्या विरोधात होत्या, आणि सरांनी त्यांची दीड पानांची हरकत वहीत उतरवली होती. वहिनी आल्यागेल्याला चहा देताना सांगत, "माहा विरोध सुंदर अक्षरात लिवून ठेवला, न् केलं तेच जे करायचं होतं." सर बशीत चहा ओतत म्हणत, "पन लिवला न." यावर वहिनींकडे उत्तर नसे असं नाही, पण ते त्या माझ्यासमोर देत नसत.

आता जिनिव्हा. सरांना त्या इमारतीतली ही संस्था एखाद्या मामासारखी वाटायची. "जिनिव्हानं कळवलं," "जिनिव्हा सध्या गप हाय," असं बोलायचे. वर्षातून दोन-तीन पत्रं ते पाठवत, रजिस्टरने. टपाल कचेरीतला माणूस वजन न करता तिकिटं काढून देई. पत्रांचं इंग्रजी मी करत असे. सुरुवातीची पत्रं कुठल्याही अन्यायाविषयी नव्हती, खुद्द त्या संस्थेच्या कामकाजाविषयी होती. सरांनी कुठूनतरी तिथल्या एका सभेचा वृत्तांत मिळवून वाचला होता आणि त्यांच्या ध्यानात आलं होतं की सरकारांचे प्रतिनिधी आधी बोलतात, आणि ज्यांच्यासाठी सभा भरली ते लोक शेवटी, दोन-दोन मिनिटं. त्यांनी मला सांगायला घेतलं, "लिवा, तुमच्या सभेत लहान लोकं बोलाले उठते तवा मोठे चहाले गेलेले असते. लहानाईले चहाच्या आधी बोलू द्या." मी ते सभ्य इंग्रजीत घातलं. सात महिन्यांनी पोच आली: आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे. खाली एक लांबलचक क्रमांक. तो क्रमांक सरांना तोंडपाठ होता. वहिनींचा वाढदिवस नव्हता.

मी तेव्हा हसायची. मला तो सगळा खटाटोप एखाद्याने टपाल तिकिटं जमवावीत तसा वाटायचा. वस्तीचं प्रकरण येईपर्यंत मी अशीच हसत होते.

मूर्तिजापूर तालुक्यात, नाव न घेता सांगते, एका गावाच्या कडेला नाथपंथी भटक्यांची वस्ती आहे. पूर्वी ही माणसं गावोगाव फिरायची, आता वीटभट्टीवर आणि कापूस वेचायला जातात. ते आपल्या माणसाला जाळत नाहीत. मातीत पुरतात, तेही आडवं नाही, मांडी घालून बसवतात. दोन-तीन पिढ्या गावच्या गायरानात एका कोपऱ्यात त्यांची माणसं अशी बसवलेली होती. मग ग्रामसभेने ठराव केला की गायरानात यापुढे पुरायचं नाही, गावाला स्मशान आहे, तिथे जाळायचं. हात वर झाले. गावाचे शंभरेक, वस्तीचे बारा.

वस्तीतल्या शेवंताबाई हे घेऊन सरांकडे आल्या. त्यांचा नातू आमच्या कॉलेजात सरांच्या वर्गात होता. शेवंताबाईंची घाई खरी होती. त्यांचे यजमान रामनाथबाबा यांची छाती भरलेली असे आणि डॉक्टरांनी पावसाळ्याचा भरवसा दिला नव्हता. बाबांची एकच इच्छा होती, आईशेजारी बसायचं. त्यांची आई गायरानातल्या त्या कोपऱ्यात होती.

आम्ही वस्तीवर गेलो तेव्हा रामनाथबाबा बाजेवर बसून विडी ओढत होते. त्यांच्यासमोरच त्यांच्या मरणाची चर्चा सुरू झाली तसे ते म्हणाले, "माह्यासाठी घाई करू नका. मले कुठी गाडी पकडायची हाय?" आणि सरांना विचारलं, कागद जिनिव्हाला जाऊन यायला किती दिवस लागतात. सर म्हणाले, वर्ष. बाबांनी विडी विझवली, कानामागे ठेवली आणि म्हणाले, "मंग थांबतो."

सरांनी त्या निमित्ताने एक समिती काढली. सदस्य तीन: सर, मी आणि अकोल्याच्या एक वकीलबाई. वकीलबाई तरुण होत्या, कोर्टात हुशार म्हणून नाव होतं. त्यांच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती. कोणाचं प्रेत कुठून न्यायचं आणि कुठे ठेवायचं यावर गाव काय काय करू शकतं, हे त्यांना मला समजावून सांगावं लागलं. त्यांना मी काही समजावण्यासारखं नव्हतं. कोर्टातलं त्या बघत होत्या. जिनिव्हाचं आमच्याकडे.

पहिली अडचण अर्जातच आली. तुम्ही कुठल्या प्रकारचे अल्पसंख्याक, धर्माने, भाषेने की वंशाने? एकावर खूण करा. वस्तीची माणसं सरकारी कागदावर हिंदू. भाषा घरी वेगळी, बाहेर वऱ्हाडी. जिल्ह्यातल्या एका अधिकाऱ्याने तर आम्हाला तोंडावर सांगितलं होतं की हे लोक अल्पसंख्याक नाहीतच. सर त्याला म्हणाले, "शंभर हात वर होते न् याईचे बारा. आजून काय कराव लागते अल्पसंख्याक व्हायले?" अर्जात मात्र आम्ही 'भाषेने' वर खूण केली, कारण ती जागा सगळ्यात कमी खोटी होती.

दुसरी अडचण मी स्वतः.

अर्ज एका पानाचा हवा होता. त्याहून जास्त घेतला जाणार नाही, सोबत काही जोडता येणार नाही, असं वर ठळक छापलेलं होतं. शेवंताबाईंनी आमच्या बैठकीच्या खोलीत, खाली सतरंजीवर बसून, जे सांगितलं ते मी उतरवून घेतलं. ते असं होतं: "आमी आमचं मानूस जाळत नाही. मातीत बसवतो. त्याचं तोंड उगवतीले करतो. आमाले बसवाले माती पायजे. दुसरं काई नको."

मी त्याचं इंग्रजी केलं. चांगलं इंग्रजी होतं, मुलांनो, अजूनही मी ते वाईट म्हणणार नाही. त्यात 'सांस्कृतिकदृष्ट्या सुयोग्य अंत्यविधी-सुविधा' या अर्थाचे शब्द होते. 'सन्मान' होता, 'समान उपलब्धता' होती. बसवलेलं प्रेत नव्हतं. मला वाटलं, जिनिव्हात जो कोणी वाचेल त्याला ते विचित्र वाटेल आणि आपली माणसं हास्यास्पद ठरतील. मी त्यांना झाकत होते, असं मला आज दिसतं. तेव्हा मला वाटत होतं की मी त्यांना नीटनेटकं करते आहे.

मी मराठीत अर्थ सांगितला तसे सरांनी शेवंताबाईंचं मी उतरवलेलं बोलणं पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "बाई माती म्हंते. तुमी सुविधा म्हंता. मातीची सुविधा काहून केली मॅडम?"

मी कारणं दिली. वकीलबाई माझ्या बाजूने होत्या. त्यांचं म्हणणं, अशा संस्थांना त्यांच्याच भाषेतले शब्द ओळखता येतात, तेच वापरावेत. मत घेतलं. दोन विरुद्ध एक. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हरकती लिहिणारा माणूस पहिल्यांदा स्वतः एकटा पडला होता, आणि मला कबूल केलं पाहिजे की मला त्याची थोडी गंमत वाटली. त्यांनी जागेवर बसून आपली हरकत लिहिली, मराठीत, एक पान पूर्ण. घडी करून माझ्याकडे दिली आणि म्हणाले, "जोडा."

ती मी जोडली नाही.

जोडता येणारच नव्हती, नियम तसा होता. पण मी हे त्यांना सांगायला हवं होतं आणि सांगितलं नाही. ते हट्ट धरतील, तारीख निघून जाईल, असं मी स्वतःला पटवलं. अर्ज पाठवला आणि घडी केलेलं पान माझ्या शब्दकोशात ठेवून दिलं.

पावसाळा गेला. रामनाथबाबा गेले नाहीत. हिवाळ्यात मी वस्तीवर गेले तर ते उन्हात बसलेले. "आलं का तुमच्या मामाचं?" त्यांनी विचारलं. जिनिव्हाला मामा म्हणायचं त्यांनीही सुरू केलं होतं. नाही म्हटल्यावर म्हणाले, "येऊ द्या आरामानं."

वर्ष होऊन गेल्यावर खरंच काहीतरी हललं. जिनिव्हाने दिल्लीला विचारलं, दिल्लीने मुंबईला, मुंबईने खाली, आणि खाली कोणीतरी माझं इंग्रजी समोर घेऊन त्याची अंमलबजावणी केली. सरांना फोन आला की वस्तीसाठी सुविधा मंजूर होऊन बांधूनही झाली आहे, उद्घाटनाला या.

आम्ही दोघं अकोल्याच्या बसने मूर्तिजापूरला उतरलो आणि ऑटोने पुढे गेलो. वस्तीच्या तोंडाशी, रस्त्याला लागून, चार खांबांवर निळे पत्रे टाकलेली एक शेड उभी होती. खाली सिमेंटचा ओटा, ओट्यावर लोखंडी जाळी. प्रेत जाळण्याची. शेजारच्या फलकावर माझेच शब्द मराठीत परत आले होते: सांस्कृतिकदृष्ट्या सुयोग्य अंत्यविधी सुविधा. फीत कापली, नारळ फुटला. शेवंताबाई शेडला एक फेरी मारून आल्या, जाळीला हात लावून पाहिला आणि मला विचारलं, "बाई, मी काय बोलली होती तुमाले?"

बाबांना कोणीतरी शेड पाहायला चला म्हणालं. ते बाजेवरूनच म्हणाले की ते जिवंतपणी तरी तिकडे येत नाहीत.

परतीच्या बसमध्ये सरांनी विचारलं, "माही हरकत जोडली होती न?"

मी नाही म्हटलं.

त्यांनी पिशवीतून वही काढली, गुडघ्यावर ठेवली आणि विचारलं, "कारण?" मी सांगितलं, एकाच पानाचा नियम होता. त्यांनी लिहिलं. "दुसरं कारण?" मी म्हटलं, तुम्ही ऐकलं नसतं. तेही लिहिलं. "तिसरं?" तिसरं सांगायला मला वेळ लागला. मला ते पान वाचायला लाज वाटली असती, म्हणून. त्यांनी तेही लिहिलं, बसच्या हिसक्यांनी अक्षर इकडेतिकडे जात होतं, आणि वही माझ्यापुढे केली. मी सही केली. मला वाटलं होतं ते रागावतील. रागावले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी सहीखाली तारीख घातली आणि वही पिशवीत ठेवली. उतरायची वेळ आली तसे म्हणाले, "तो कागद मी येगळा बी धाडला होता. अकोल्याच्या कलेक्टर कचेरीत, वस्तीच्या फायलीत हाय तो. रजिस्टरची पावती हाय माह्यापाशी."

मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलं. म्हणाले, "तुमी जोडाची वाट पाहून राहिलो होतो."

पुढच्या तीन वर्षांत त्या अकोल्याच्या फायलीवर फार काही झालं नाही, वजन वाढलं असेल तेवढंच. मग एक नवीन अधिकारी बाई आल्या. पत्र्याच्या शेडचा वापर शून्य का, असं वरून विचारणा आली म्हणून त्यांनी फाईल वाचायला घेतली. माझं इंग्रजी त्यांनी वाचलं, त्यावरचे शेरे वाचले, आणि त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर त्यांना कळेना की हे लोक मागतायत काय. शेवटी तळाशी सरांचं पान निघालं. त्यात सुविधा नव्हती. त्यात लिहिलेलं होतं की गायरानाच्या वायव्येच्या कोपऱ्यात बाभळीपासून नाल्यापर्यंत या लोकांची माणसं बसवलेली आहेत, तोंड उगवतीला असतं, खड्डा कंबरेपेक्षा खोल असतो, आणि त्यांना तेवढीच माती हवी आहे, शेड नको, ओटा नको, फलक नको. खाली रेघ आणि माशी. बाई चार दिवसांनी मोजणीवाल्यांना घेऊन जागेवर आल्या.

तरी ग्रामसभेचा नवा ठराव लागणार होता. इतक्या वर्षांत गाव थोडं बदललं होतं. रामनाथबाबा मरत नाहीत याची गावाला सवय झाली होती, त्यांच्याविषयी एक प्रकारचं कौतुकही होतं. नवा सरपंच समजूतदार होता. अधिकारी बाईंनी नीट समजावून सांगितलं आणि हात वर झाले तेव्हा गावातलेच बहुतेक हात जागा देण्याच्या बाजूने होते. विरोधात पाच. शेवंताबाई माझा हात धरून बसल्या होत्या, तो त्यांनी सोडला, तेव्हा तो दुखत होता हे मला कळलं. ठराव झाला, लोक उठू लागले.

आणि सर उभे राहिले.

"ज्याईचा विरोध हाय त्याईचं कारण लिवून घ्या."

सभा थांबली. शेवंताबाईंना आधी समजेना, मग समजलं आणि त्या संतापल्या. पाच वर्षं ज्यांच्यापायी नवरा मरायचा थांबला आहे, त्यांचं म्हणणं लिहून घ्यायचं? त्या तिथूनच म्हणाल्या, "मास्तर, तुमी कोनाच्या बाजूचे?"

"कमी हाताच्या," सर म्हणाले आणि वही उघडली.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मीसुद्धा त्यांच्यावर चिडले. मिळालेली जागा हा माणूस तत्त्वापायी घालवतोय असं वाटलं. पाचांपैकी चौघांकडे कारण नव्हतं. आमचा विरोध आहे, एवढंच. तेही त्यांनी लिहिलं. पाचवा एक म्हातारा शेतकरी होता, पहिल्या ठरावाच्या सभेत सगळ्यात मोठ्याने ओरडलेला. तो म्हणाला, नाल्याकडच्या टोकाला त्याची विहीर आहे. तिचं पाणी अर्धं गाव उन्हाळ्यात पितं. खड्डे तिथवर आले तर पाण्याचं काय? इतकी वर्षं तो हेच ओरडत होता, पण ओरडण्यात पाण्याच्या आधी इतकं काही यायचं की पाण्यापर्यंत कोणी ऐकलंच नव्हतं.

अधिकारी बाईंनी मोजणीवाल्याला विचारलं. विहीर खरंच जवळ होती. शेवंताबाई उठल्या, त्या म्हाताऱ्याजवळ गेल्या आणि रागातच म्हणाल्या, "हे पयले नाही सांगता आलं?" मग दोघांनीच चालत जाऊन जागा पाहिली. नाल्याकडचा तुकडा सोडला, बाभळीच्या वरच्या अंगाने तेवढीच जागा घेतली. जुनी माणसं, बाबांची आई धरून, जागेच्या आत राहिली. त्या म्हाताऱ्याने ठरावावर अंगठा उठवला. सर मला म्हणाले, "आता हे टिकन." त्या दिवशी मतदान घेतलं असतं तर मी त्यांच्या बाजूने हात वर केला असता, पण त्यांनी घेतलं नाही.

निळ्या पत्र्याची शेड तशीच आहे. तिथे शाळेची मुलं एसटीची वाट बघतात, आणि एकमेकांना "सुविधेत भेटू" म्हणतात. हा माझ्या इंग्रजीचा उपयोग.

रामनाथबाबा त्याच हिवाळ्यात गेले, झोपेत, आईशेजारी जागा मोजून झाल्यावर, आणि तिथेच बसवले गेले. सर त्यानंतर सहा वर्षांनी गेले. वहिनी मुलाकडे अकोल्याला राहतात. मागे भेटले तर म्हणाल्या, "आता घरात मतदान नसते. मी म्हंतो तेच होते." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "करमत नाही."

रेवा, तुझ्यापुढे चांगल्या इंग्रजीतले कागद येतील. ते कोणीतरी माझ्यासारखीने लिहिलेले असतील, चांगल्या मनाने. तेव्हा पत्र पाठवून विचार की मूळ माणूस काय म्हणाला होता, आणि समितीत कोणी विरोधात होतं का. तुझा साहेब म्हणेल याला नियम नाही. म्हणू दे.

गेल्या पोळ्यानंतर शेवंताबाई वारल्या. मला ऑटोतून उतरून चालणं आता जमत नाही, पण गेले. त्यांना मांडी घालून, उगवतीकडे तोंड करून बसवलं. गावातली माणसं आली होती, विहिरीवाल्याचा मुलगाही होता, त्याने माती लोटली. कोणी अडवलं नाही. ती जागा सातबाऱ्यावर वस्तीच्या नावाने नोंदलेली आहे, बाभळीपासून वर, आणि तिथे अजून बरीच माती शिल्लक आहे.

तुमची,
आजी